भिजलेला वेत थांबत नाही

१२ जानेवारी

अक्का,

नमस्कार तुला न लिहिताही पोचतो, तेव्हा थेट बातमी सांगतो. तुझ्या भावाला जागा मिळाली. जागा म्हणजे फर्निचरवाल्या शेठच्या गोदामातला जिन्याखालचा कोपरा. ताठ उभा राहिलो की डोकं आपटतं, पण माझं काम बसून करायचं असल्यामुळे जिन्याचं आणि माझं बरं जमलंय.

तुरुंगात जी एकच कामाची गोष्ट शिकलो, ती उपयोगी पडली. शेठकडे एका वाचनालयाच्या जुन्या खुर्च्यांचा ढीग आलाय. लाकूड भक्कम आहे, पण वेताच्या बैठका फाटून लोंबताहेत. वेत विणणारं माणूस हल्ली मिळत नाही, म्हणून शेठ माझ्यासारख्याला दारात उभं करतोय, हे मला कळतं. मार्चअखेर खुर्च्या वेळेत दिल्या तर रस्त्याकडचा लहान गाळा मला चालवायला देईन म्हणालाय. त्यावर पाटी माझी. टेम्पो चालवायचो तेव्हा दारावर मालकाचं नाव होतं, आत गेलो तेव्हा छातीवर नंबर होता. माझ्या नावाची वस्तू अजून झालीच नाही बघ.

दाजींचे उपकार आहेत. त्यांनी शेठला शब्द दिलाय की हा सुधारलाय, आणि पुन्हा प्यायला तर त्याच दिवशी हाकला, मी मध्ये पडणार नाही. हे माझ्या तोंडावरच म्हणाले ते बरं झालं. दारू पिऊन टेम्पो चालवून मी एका सायकलवाल्याचा जीव घेतला. माझ्या शब्दाला कोण विचारणार? दाजींचा शब्द चालतोय म्हणून मी चालतोय.

समोर एका मावशीची चहाची टपरी आहे. तिच्याकडे थंड बाटल्यांची बर्फाची पेटी आहे, त्यात माझी औषधाची डबी ठेवलीय. विशेष काही नाही, थोडं औषध चालू आहे, ते गार ठेवावं लागतं. तिनं विचारलं कसलं, मी म्हणालो खोकल्याचं. मला खोकताना तिनं अजून ऐकलेलं नाही, पण बिचारी मान डोलावते.

फोन करू नकोस. दाजींसमोर तू "हो, बरं, ठेवते" एवढंच बोलतेस. आत असल्यापासून आपल्याला पत्रांची सवय झालीय, तेच चालू ठेवू. पाळणाघराच्या पत्त्यावर लिहीन.

तुझा
बोक्या

२० जानेवारी

बोक्या,

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या मांडीवर एक आणि कडेवर एक अशी दोन पोरं भोकाड पसरून रडत होती. मग मीही त्यांना साथ दिली. दुसऱ्या बाईला वाटलं मला पोरांनी चावलं.

पाटीवर काय लिहिणार ते आधी मला कळव. तुझं शुद्धलेखन मी शाळेपासून ओळखून आहे. आणि गार डबीतलं खोकल्याचं औषध मी तरी आयुष्यात ऐकलं नाही. काय लपवतोयस? जेवतोस का वेळेवर? आई गेल्यापासून तुला ओरडायचं खातं माझ्याकडे आहे, आणि ते मी नीट सांभाळणार.

तुझे दाजी तुझं नाव काढत नाहीत. पण परवा माळ्यावरची आपली मोडकी वेताची खुर्ची त्यांनी खाली काढली, पुसली आणि दाराशी ठेवली. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "असू दे." यावरून काय समजायचं ते समज.

अक्का

१७ फेब्रुवारी

बोक्या,

मागच्या पत्राचं उत्तर तू दिलंच नाहीस. त्याऐवजी काल शेठचा फोन आला, दाजींना. तू भर दुपारी गोदामात भेलकांडत होतास. जीभ जड, अंग घामानं निथळत होतं, आणि गिऱ्हाईकानं काही विचारलं तर तू भलतंच बरळलास. शेठ म्हणाला, हे दुसऱ्यांदा झालं. तोंडाला वास येत नव्हता म्हणाला, पण हल्ली वास न येणारीही मिळते म्हणे.

दाजींनी फोन ठेवला, दाराशी असलेली खुर्ची उचलली आणि परत माळ्यावर टाकली. मला म्हणाले, "तुझा भाऊ." एवढेच दोन शब्द, आणि मग जेवलेही नाहीत.

मी कुणासमोर मान वर करून बोलते ते तुझ्या जिवावर, हे तुला कळतं का? तू आत होतास तेव्हा लोक विचारायचे, मी सांगायचे, येईल आणि माणसासारखा राहील. प्यायला असशील तर तसं स्पष्ट लिही. खोटं लिहू नकोस. तुझं खोटं मला पहिल्या ओळीत कळतं आणि शेवटच्या ओळीपर्यंत जीव जळत राहतो.

अक्का

२२ फेब्रुवारी

अक्का,

प्यायलो नाही. आता लपवून फायदा नाही म्हणून सांगतो. मला साखरेचा आजार आहे. आतच लागला. दिवसातून दोनदा पोटाला सुई टोचून घेतो. गार डबीत तेच औषध आहे.

तुला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. आत एखाद्याला आजार आहे असं कळलं की त्याला कामावरून काढून दवाखान्याच्या बराकीत टाकायचे. तिथे दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं. त्यामुळे सगळेच लपवायचे. मी पुष्कळ दिवस लपवलं, शेवटी भोवळ येऊन पडलो तेव्हा सापडलो. ती लपवायची खोड अंगात राहिली. आणि शेठनं सुई पाहिली तर तो आजार समजेल की नशा? तूच सांग.

मधूनच डोकं फिरतं. घाम फुटतो, हातपाय ऐकत नाहीत, बोलायचं असतं एक आणि तोंडातून निघतं दुसरंच. मावशीचा एक गोड चहा घेतला की मी पुन्हा माणसात येतो. एवढंच आहे, तू जिवाला लावून घेऊ नकोस. जेवण वेळेवर होतं.

शेठला मी सांगितलं की उकाड्यानं झालं. त्याला पटलं नाही, पण अर्ध्याहून जास्त खुर्च्या झाल्यात आणि त्या देखण्या झाल्यात, म्हणून गप्प बसलाय. पुन्हा दिसलं तर कुलूप, म्हणालाय. दाजींना आजाराचं सांगू नकोस. दारू सोडलेल्या माणसाचा शब्द देणं वेगळं आणि आजारी माणसाचा देणं वेगळं. गाळा हातात येऊ दे, मग मीच सांगेन.

बोक्या

२८ फेब्रुवारी

बाळा,

मागच्या पत्रात मी फार टोचून बोलले. तुला भेटले असते तर पाठीत एक धपाटा घातला असता आणि मग जवळ घेतलं असतं. कागदावर धपाटा तेवढा पोचतो.

पण हे काय लिहिलंस? साखरेचा आजार आणि वर गोड चहा! तू शहाणा आहेस का? आमच्या पाळणाघराच्या मालकीणबाईंच्या सासऱ्यांना हाच आजार होता. घरात गोडाचा कण ठेवत नसत, तरी त्यांचा पाय काढावा लागला. तुझी ती चक्कर, तो घाम, दुसरं काही नाही, तुझी गोडाची हाव आहे. बोक्या हे नाव तुला उगाच पडलं नाही. आई साखरेचा डबा फळीवर ठेवायची आणि तू स्टुलावर चढून बोटं चाटत बसायचास. सापडलास की इतका केविलवाणा चेहरा करायचास की आईच आणखी चिमूटभर द्यायची.

आता ते चालणार नाही. मी टपरीच्या पत्त्यावर तुझ्या मावशींना वेगळं पत्र टाकलंय. लिहिलंय की याला साखर म्हणजे विष आहे. चहा बिनसाखरेचा द्या, बिस्किट देऊ नका. गयावया करील, रडेल, रागावेल, पण तुम्ही त्याची थोरली बहीण होऊन घट्ट राहा. शेठला यातलं काही कळू देऊ नका, हेही लिहिलंय. दाजींना मी बोलले नाही.

आई नाही, तर फळीवर आता मी आहे असं समज. रागावलास तर रागाव.

अक्का

१४ मार्च

ताई,

मी टपरीवाली. तुमचं पत्र मला मिळालं होतं. मला लिहायची सवय नाही, जसं आठवेल तसं लिहिते. आधी हे सांगते की तुमचा भाऊ जिवंत आहे, सरकारी दवाखान्यात आहे.

तुम्ही सांगितलं तसं मी केलं. बिनसाखरेचा चहा दिला. तो तोंड वाकडं करायचा आणि हसायचा, अक्काचा हुकूम म्हणायचा. मंगळवारी दुपारी तो रस्ता ओलांडून आला तो झुलतच. म्हणाला, मावशी, साखर. मी म्हटलं नाही. पुन्हा म्हणाला साखर. ताई, त्यानं हात जोडले हो. मला तुमचं पत्र आठवलं, गयावया करील म्हणून. मी म्हटलं, मी तुझी बहीण आहे, देणार नाही. मग त्यानं बरणीत हात घातला, मी बरणी ओढली, ती फुटली. तो खाली बसला आणि काचेतली साखर वेचायला लागला. लोक जमले. कुणी म्हणालं बेवडा आहे. दोघा-तिघांनी ओढून बाजूला टाकला.

शेठ आला. त्यानं सगळ्यांसमोर तुमच्या मिस्टरांना फोन लावला, फोनचा आवाज मोठा होता. ते म्हणाले, "आमचा काही संबंध नाही, काय करायचं ते करा." शेठनं गोदामाला कुलूप लावलं आणि पोलीस बोलावले. त्यांनी त्याला चौकीत नेऊन कोपऱ्यात टाकलं, उतरली की बघू म्हणून.

मी काचा गोळा करत होते आणि मला चैन पडेना. मी आयुष्यभर रस्त्यावर धंदा केला, दारुडे मला नवे नाहीत. दारुडा साखर मागत नाही. मी त्याची ती डबी काढली आणि औषधाच्या दुकानात दाखवली. दुकानदार म्हणाला, हे औषध घेऊन माणूस जेवला नाही तर अंगातली साखर संपते, मग तो असाच झुलतो, त्या वेळी साखरच द्यायची असते, नाही दिली तर मरतो. मी पदरात साखर बांधून चौकीकडे पळाले. तो उजव्या हातावर पडला होता, डोळे पांढरे झाले होते. मी त्याच्या गालाला आतून साखर चोळली आणि आरडाओरडा केला, तेव्हा त्यांनी गाडी काढली.

ताई, तुम्ही त्याच्या भल्यासाठी लिहिलं, मी त्याच्या भल्यासाठी ऐकलं. माझ्या डोळ्यांसमोरून त्याचे जोडलेले हात जात नाहीत. तुम्ही या.

टपरीवाली

१९ मार्च

अक्का,

हे डाव्या हातानं लिहितोय, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. उजवं मनगट लोंबतंय. चौकीत त्याच्यावरच पडून होतो, म्हणून नस दबली. डॉक्टर म्हणतात जोर परत येईल, पण महिने लागतील. वेताची पट्टी ओढायला, ती भोकात घट्ट बसवणारी खुंटी ठोकायला मला हाच हात लागतो.

तू खरं लिही म्हणाली होतीस. मी अर्धंच लिहिलं. जेवण वेळेवर होतं, ही थाप होती. आत घंटा झाली की सुई मिळायची, आणि सुई झाली की पाठोपाठ ताट यायचं. ताटाचा मला कधी विचारच करावा लागला नाही. बाहेर आलो तरी सुई त्याच वेळेला टोचत राहिलो. ताट कुणी आणलंच नाही, आणि मी ते आणायला उठलो नाही. वेत भिजून मऊ झाला की थांबत नाही, सुकला तर विणताना तडकतो. सुई घ्यायची आणि म्हणायचं, एवढी ओळ संपवू, मग जेवू. मग पुढची ओळ. गाळा दिसत होता ना समोर. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, सोड सगळं आणि घरी ये. तुमच्या मागच्या खोलीत दाजींच्या नजरेसमोर बसून खायचं मला नको होतं.

तुझ्यावर राग नाही असं लिहिलं तर ती आणखी एक थाप होईल. दोन दिवस फार राग होता. साखर वेचत होतो तेव्हा एवढंच कळत होतं की ही मिळाली नाही तर मी मरणार, आणि वरून मावशी तुझी वाक्यं बोलत होती. आता राग नाही. तो धरायलाही ताकद लागते.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय की दारूचा अंश नाही. मावशीनं तो शेठला दाखवला. शेठ म्हणाला, दारुडा परवडला, तो संध्याकाळी शुद्धीवर येतो, हा माझ्या गोदामात मेला तर मी काय करू? तरी म्हणाला, ज्यानं शब्द दिला होता त्यानं येऊन तो पुन्हा द्यावा, मग कुलूप काढतो. दाजी येणार नाहीत. त्यांच्या जागी मीही गेलो नसतो.

एक सांगतो, कुणाला सांगू नकोस. काल पोलीस जबाब घ्यायला आले होते. म्हणाले, केस होत नाही, तू मोकळा आहेस. मी त्यांना म्हणालो, साहेब, करा ना केस. बरणी फोडली ती लिहा. ते हसले, त्यांना गंमत वाटली. अक्का, मी गंमत करत नव्हतो. आत निदान ताट येतं.

बोक्या

२५ मार्च

अहो,

चिठ्ठी ठेवून आले होते, पण त्यात फक्त "बोक्याकडे जाते" एवढंच लिहायला वेळ होता. बाकीचं आता लिहिते.

त्याची पत्रं मला पाळणाघरात यायची. तुमच्यापासून लपवली. त्याचा आजार मला महिनाभरापासून माहीत होता, तोही लपवला. त्याची सगळी पत्रं या पाकिटात घातली आहेत, आणि टपरीवाल्या बाईंचंही. वाचा. मी स्वतः काय करून बसले ते तुम्हाला त्यांच्याच पत्रात कळेल. ते स्वतः लिहायला माझा हात धजत नाही. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. ज्यानं तो वाचत होता तेच मी बंद केलं होतं.

तो दवाखान्यातून आलाय. कुठे ठेवायचा? मावशींनी टपरीमागची त्यांची खोली दिलीय. तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मी ताट पुढे ठेवलं की जेवतो, सुई पुढे केली की टोचून घेतो. कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नाही, याची मला फार भीती वाटते. लहानपणी हा पोरगा सगळ्याला नाही म्हणायचा.

काल मी शेठच्या हातापाया पडले. त्यानं बोक्याला आत घेतलं नाही, पण स्वतः आत जाऊन एक अपुरी खुर्ची, वेताची जुडी आणि वेत भिजवायचा टब बाहेर आणून दिला आणि पुन्हा कुलूप लावलं. टबात भिजत घातलेला वेत इतके दिवस तसाच राहिला होता, काळा पडून कुजलाय. तो पाहून बोक्या पहिल्यांदा रडला. मग रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून मी विणायला बसले. त्याचा हात चालत नाही, मला विणता येतं असं नाही, पण हात माझे आहेत आणि डोकं त्याचं. तो मागून सांगतो, उभी ओळ, आडवी ओळ, आता तिरपी, खुंटी घट्ट कर, अक्का, कर म्हटलं ना. ओरडतो माझ्यावर. आज दुपारी मला "आंधळी" म्हणाला. मला फार बरं वाटलं.

वाचनालयाच्या बाई येऊन बघून गेल्या. एप्रिलचे पहिले दोन आठवडे थांबते म्हणाल्या, त्यापुढे नाही. उरलेल्या खुर्च्या गोदामात आहेत, गोदामाला कुलूप आहे, आणि कुलूप तुमच्या शब्दावर अडलंय. तो कोपरा गेला तर हा माणूस पुन्हा आत जायची वाट शोधेल, हे त्यानं स्वतः लिहिलंय, तुम्ही वाचालच.

तुम्ही कठोर नाही. खुर्ची माळ्यावरून तुम्हीच काढली होती, मी सांगितलं नव्हतं. तुम्हाला जे कळलं त्यावरून तुम्ही बोललात, आणि खरं कळू न देण्यात माझाही हात होता. तेव्हा दोष माझ्या माथी मारा, मी घेते. पण तुम्ही "आमचा काही संबंध नाही" म्हणालात ते इथल्या सगळ्या रस्त्यानं ऐकलंय. इथे येऊन, याच रस्त्यावर उभं राहून, तेवढ्याच मोठ्यानं सांगा की हा प्यायला नव्हता आणि हा आमचा आहे. मी सांगून पाहिलं. बहिणीचं कोण खरं धरतं?

घाईत चष्मा घरीच राहिला, देवघराच्या फळीवर असेल. उभ्या-आडव्या ओळी चाचपून जमतात, तिरप्या दिसत नाहीत. येताना तो आणा, आणि माळ्यावरची खुर्चीही आणा. यायचं नसेल तर नुसता चष्मा टपालानं पाठवा. पार्सल आलं की मी समजेन, आणि इथेच राहीन.

तुमची